जागतिक स्पर्धेची पहिली पायरी : मालवण

आगबोट बंदरापासून दूर थांबली आणि आम्ही पडावात (मोठ्या होडीत) उतरलो. समोर सिंधुदुर्ग किल्ला, किनाऱ्यावर माड आणि माडांना बांधलेली कापडी कमान : ‘व्हॉलीबॉल निवड सामने’.

खाणावळीत घावणे (तांदळाची जाळीदार धिरडी) खाताना स्पर्धेच्या चिटणिसांची गाठ पडली. त्यांनी मला सगळा जिना समजावला. इथला विजेता रत्नागिरीला जाणार, तिथून निवडलेले राज्याच्या संघात, राज्यातून देशाच्या. तो संघ आशियात टिकला, तर थेट जागतिक स्पर्धा! “पहिली पायरी आमची,” ते म्हणाले. पायरीवर सतरंजी आणि तीन खुर्च्याही होत्या.

दुसऱ्या दिवशी अंतिम सामना आठ वाजता होता. विठू तांडेलचा मच्छीमारांचा संघ साडेसातलाच हजर. अनवाणी विठू सरावात असा उडाला, की जाळीच्या वर त्याची कंबर दिसली. “रत्नागिरी गाठूची आसा,” तो मला म्हणाला, “मगे बघूया जग खंय आसा ता.”

प्रमुख पाहुण्यांची मोटार मात्र वाटेतल्या कसाल गावाच्या पुढे सरकेना. कोणी सत्काराला थांबवले होते म्हणे. दहा वाजता किनाऱ्यावर आरोळी उठली. बांगडे माशांचा थवा आला होता. रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) पाण्यात पडली, की विठूच्या गड्यांसारख्या प्रत्येक वाटेकऱ्याने दोराला हात लावायचाच. जाळे वर येईपर्यंत दोर सोडायचा नाही, हा तिथला कायदा.

“पावणो येवंदे, आमी ओढून येतंव,” विठू म्हणाला. चिटणिसांनी होकारार्थी मान हलवली.

साडेदहाला पाहुणे आले. अर्धा तास शिस्तीवर बोलले. अकराला शिटी वाजली. अकरा वाजून दहा मिनिटांनी विठूचे गडी ओल्या चड्ड्यांनी धावत आले, तेव्हा प्रतिस्पर्धी सावंतवाडीच्या संघाच्या गळ्यात हार पडले होते. त्यांनी चेंडूला हातही लावला नव्हता.

“उशीर म्हणजे उशीर,” चिटणीस म्हणाले. “नियम आहे.”

“सायबाक अडीच तास, आमका धा मिन्टां नाय? तुमीच मान हलवलास मां?”

“ती भाषणाला हलवली.”

“तेवा भाषाण खंय होता रे मेल्या!”

मी मध्ये पडलो. “बाहेरच्यांनी बोलू नये,” असे मला पाहुण्यांनी स्वतः सांगितले. ते स्वतः मुंबईचे होते.

परतताना आगबोटीपर्यंत मला विठूनेच पोचवले. मी पुढच्या वर्षाचे विचारले. वल्हे न थांबवता तो म्हणाला, “तारीख घालूच्या आदी दर्याक इचारा म्हणा.”

कधीतरी आपला संघ आशियातूनच रिकाम्या हाताने परतेल. पदाधिकारी हळहळतील, की आपल्याकडे उडी मारणारे खेळाडूच नाहीत. त्यांना सांगायचे आहे : होते. मालवणला, एका सकाळी, दोन तास तुमची वाट पाहत बसले होते.