ओला जिना

जिन्याच्या कठड्यावरून तो बोट फिरवायचा आणि मग ते माझ्या नाकासमोर धरायचा. बोटाला धूळ असायचीच. "धुतलास?" मी मान डोलवायचो. "नेऽ बॉदर," म्हणत तो माझ्यादेखत तोच कोपरा फडक्याने पुसायचा. नेऽ बॉदर म्हणजे ग्लासगोच्या बोलीत 'काही हरकत नाही'. त्याच्या तोंडून ऐकताना मात्र आपली पार लाज निघायची.

इथल्या जुन्या दगडी इमारतींत एक रिवाज आहे. प्रत्येक मजल्यावरच्या बिऱ्हाडांनी आपला जिना आळीपाळीने धुवायचा. ज्याचा आठवडा, त्याच्या दाराच्या हँडलला एक कार्ड लटकतं. आमच्या मजल्यावर दोनच दारं. एक आमचं, समोरचं त्याचं आणि त्याच्या आईचं. पुण्यात सोसायटीच्या जिन्यावरून मी तावातावाने मीटिंगा गाजवल्या होत्या, पण जिना कधी धुतला नव्हता.

तो सैनिक होता. तुम्ही म्हणाल, म्हणजे रुंद छाती, करडी नजर. छे! हा बारमाही पडशाने हैराण, आणि खिडकीत कबुतर आलं की आईला हाक मारणारा. पलटणीत का गेलास, असं विचारलं तर म्हणाला, "पाऊस होता. आडोशाला भरतीचं ऑफिस होतं." दोनदा अफगाणिस्तानात जाऊन आला, पण त्याच्या युद्धकथांत शत्रू कधी आलाच नाही. सगळ्या गोष्टी बंद पडलेल्या ट्रकच्या, नाहीतर हरवलेल्या मोज्याच्या.

"अरे, तुझ्या युद्धात युद्ध कुठंय?"

"ते साहेबांकडे असतं. आमच्याकडे मोजे."

तिसऱ्यांदा निघाला तेव्हा पाठीवर सॅक घेऊन आमच्या दारात उभा राहिला. "आईचे गुडघे गेलेत. तिला पायऱ्यांवर बसू देऊ नकोस. तिचाही आठवडा तूच कर. परत आलो की वर्षभर मी करीन."

"नेऽ बॉदर," मी म्हणालो.

सहा आठवडे मी इमानेइतबारे जिना धुतला. मग थंडी पडली, ऑफिसात डेडलाइन आली, आणि मुख्य म्हणजे बघणारं कुणी नव्हतं.

"अरे, कार्ड दोन वीक्स आपल्याच डोअरला आहे," बायको म्हणाली. "समोरच्या त्या काय म्हणतील?"

"वीकेंडला करतो गं."

वीकेंडला आम्ही सरोवर बघायला गेलो.

त्या गुरुवारी मी घरूनच काम करत होतो. बाहेर बादलीचा आवाज आला. कार्ड माझ्या दाराला आणि बादली त्याच्या आईची. मी उठायला हवं होतं. मी कानांना हेडफोन लावले. खोटं कशाला सांगू, मला राग आला होता, आणि तोही तिचाच.

अर्ध्या तासाने हेडफोन काढले तर बाहेर कुणीतरी बोलत होतं. दार उघडलं. ती वरच्या पायरीवर गुडघे टेकून बसली होती, हातात ब्रश. चार पायऱ्या खाली गणवेशातले दोघं टोप्या काखेत धरून उभे. अशी माणसं घरी कशाला येतात, हे सैनिकाच्या आईला सांगावं लागत नाही.

"ओलं आहे," ती त्यांना म्हणत होती. "पाय घसरेल. वाळू दे, मग या."

ते थांबले. ती धुतलेलीच पायरी पुन्हा धुवायला लागली. मी दारात नुसता उभा होतो.

रस्त्यात पुरलेल्या बॉम्बने तो गेला. अंत्यविधीला एक मोठे साहेब बोलले. तो कर्तव्याला कधी चुकला नाही, असं म्हणाले. दाढदुखीचं निमित्त करून तो परेड कशी चुकवायचा, हे त्यानेच मला रंगवून सांगितलं होतं. कर्तव्याला खरा चुकलेला माणूस दुसऱ्या रांगेत बसला होता, नवा काळा कोट घालून.

आठवड्याने मी माफी मागायला गेलो. तिने चहा केला.

"दर रविवारी फोनवर आधी जिन्याचं विचारायचा," ती म्हणाली. "मी सांगायचे, समोरचा अगदी लख्ख ठेवतो. त्याला फार बरं वाटायचं."

मला रडू फुटलं.

"नेऽ बॉदर," ती म्हणाली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. कार्ड तेव्हापासून माझ्याच दाराला आहे. शनिवारी जिना धुऊन झाला की मी कठड्यावरून बोट फिरवतो, तिची बेल वाजवतो आणि ते बोट तिला दाखवतो. ती चष्मा लावून नीट बघते. छान, असं अजून एकदाही म्हणालेली नाही.