वहिनींच्या छातीखालचा चट्टा

हे मी अजून कोणाजवळ बोलले नाही — नवऱ्याजवळही नाही. विषयच तसा. छातीखाली पुरळ आलंय, हे आमच्याकडे बायका एकमेकींनाही धड सांगत नाहीत.

आम्ही देवासला, थोरल्या जाऊबाई — मी त्यांना वहिनी म्हणते — धारला. गौरी धारलाच बसतात. पुरणाचा नैवेद्य थोरल्या सुनेनं सोवळ्यात करायचा, धाकटीनं बाहेर बसून भाज्या चिरायच्या. लग्नापासून मी भाज्याच चिरत होते. पुरण माझं जास्त चांगलं होतं, असं मला वाटायचं — अजून वाटतं, काय सांगू!

एका वर्षी गौरींच्या वेळी वहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. "अगं, जरा बघ तर. मला खालचं दिसत नाही, अन् जळन इतकी होतेय ना! कोणाला बोलू नको हं."

स्तनाखालच्या घडीत लालभडक, ओलसर चट्टा, कडेला बारीक पुटकुळ्या. कसं नाही ओळखणार? उन्हाळ्यात मला अगदी तेच झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं — घाम साचतो, कपडे ओले राहतात, त्यात बुरशी धरते. कधी साबण सोसत नाही, कधी शुगर वाढलेली असते, तीही तपासून घ्यावी. जागा कोरडी ठेवा, मलम लावा, घरच्यांना लागेल ही भीती नको.

आणि मी काय म्हणाले? "वहिनी, हे दुसऱ्याला लागणारं दिसतंय. नैवेद्याला हात नका लावू."

त्या घाबरल्या. "बरं झालं सांगितलंस," म्हणाल्या. कंबर धरलीय असं सगळ्यांना सांगून बाजूला बसल्या. पुरण मी केलं. सगळ्यांनी वाखाणलं — मी खुशाल ऐकून घेतलं.

लाजेपायी त्या डॉक्टरकडे गेल्याच नाहीत. पावडर थापत राहिल्या. चट्टा थंडीत बसतो, उन्हाळ्यात पुन्हा उठतो. नैवेद्य माझ्याकडेच राहिला. खरं सांगायला वेळ नव्हता का? दर वर्षी होता. पण सांगितलं तर पुरण जाईल — आणि मी कशी आहे, तेही कळेल.

यंदा त्यांना नात झाली. बारशाला मुलानं बाळ पुढे केलं, तर वहिनी मागे सरल्या. "नको रे बेटा, मला सर्दी आहे."

सर्दी नव्हती. खरं कारण त्या घरात मला एकटीलाच ठाऊक, म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं — किती विश्वासानं!

मी पुढे झाले आणि बाळ माझ्याकडे घेतलं.