टाचेवरचा कोळसा

तुमच्या आईने तुम्हाला सांगितले असेल की आजोबा झोपेत, शांतपणे गेले. झोपेत गेले हे खरे आहे. बाकीचे मी लिहिते, कारण तुमच्यातल्या थोरलीने आता तिकडे रात्रीची नोकरी धरली आहे आणि फोनवर म्हणते, "आजी, सवय होते."

सवय आजोबांनाही झाली होती. चंद्रपूरजवळच्या कोळसा खाणीत ते जमिनीखाली काम करीत. पाळी दर आठवड्याला बदलायची. नव्वदच्या दशकात त्यांनी कायमची रातपाळी मागून घेतली, आणि तो सल्ला माझा होता. मी खाणीच्या वसाहतीतल्या शाळेत इंग्रजी शिकवायची. घरात जेवणाझोपेच्या वेळा सारख्या हललेल्या मला खपत नसत. मी वेळापत्रक लिहून स्वयंपाकघराच्या दारामागे लावले. आठला आंघोळ, साडेआठला वरणभात, नऊ ते तीन झोप. खिडकीला जाड घोंगडी. तीनच्या आत त्यांच्या खोलीचे दार कोणी उघडायचे नाही.

खाणीत खरचटले की जखमेत कोळशाची भुकटी बसते आणि तिच्यावर कातडी धरते. तो निळाकाळा डाग जन्मभर जात नाही. वसाहतीतल्या बहुतेक पुरुषांच्या अंगावर असे डाग होते. त्यामुळे आजोबांच्या टाचेवर काळा डाग दिसला तेव्हा मला फक्त किळस आली. दर रविवारी मी तो वजरीने घासायची.

"काऊन घासून राह्यली वं? कोळसा आहे तो. मास्तरीण असून तुले समजत नाई?"

"मग वाढतो कसा?"

"माह्यावर जीव जडला त्याचा."

खाणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने खुर्चीतून न उठताच पाहिले. "भाऊ, हा तर खाणीचा शिक्का. रिटायर झाले तरी पुसत नाई." दोघे हसले. मीही हसले.

पुढे जेवण तुटले, वजन उतरले, दिवसाची झोप उडाली. प्रत्येक तक्रारीला आमच्याकडे एकच उत्तर होते, रातपाळी. डाग फुटून वाहू लागला तेव्हा कुठे आम्ही नागपूरला गेलो. कातडीचा कॅन्सर निघाला, जांघेतल्या गाठींपर्यंत पोचलेला.

"उन्हात काम करता का?" तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"बाई, मी ऊन पाह्यलं कुठी?"

तळपायाचा हा कॅन्सर उन्हाने होत नाही, असे त्या म्हणाल्या. रातपाळीने शरीराचे घड्याळ बिघडते हे खरे. पण हा रोग त्यानेच झाला, असे छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. आम्ही भरपाई मागितली तेव्हा खाणीच्या कचेरीला यातले शेवटचे वाक्य फार आवडले. त्यांनी तेवढेच कागदावर घेतले. रोग रातपाळीने दिला की नाही, मला ठाऊक नाही. तिच्या नावाखाली तो दोन वर्षे लपून राहिला, एवढे मी डोळ्यांनी पाहिले. पाहिले म्हणजे, घासले.

शेवटचे महिने ते घरीच होते. कामावर जायचे नव्हते, तरी रात्रभर टक्क जागे असत आणि सकाळी नऊला डोळे मिटत. मी घोंगडी सोडायची, दार ओढून घ्यायची. त्या दिवशी अकराला शेजारीण ताक घेऊन आली.

"बाई, भाऊ कसे आहेत?"

मी ओठांवर बोट ठेवले. "झोपलेत. तीननंतर या."

तीनला मी चहा घेऊन दार उघडले. त्यांचे हात केव्हाचे गार पडले होते.