काळोख्या खोलीतला वारा

नागावच्या आमच्या घरी दुपारच्या वेळी वाडीत वाळत घातलेल्या सुपारीचा तुरट वास ओसरीवर रेंगाळत असे, आणि माजघरामागच्या कोठीतून येणारा एक आंबूस, तिखट वास त्यात हलकेच मिसळत असे. ती कोठी म्हणजे माझ्या पत्नीची, सुमतीची, डार्करूम. एकोणीसशे पन्नास-पंचावन्नच्या सुमाराची गोष्ट. गावात वीज अजून यायची होती. वडिलांच्या मुंबईतल्या स्टुडिओत शिकलेली कला तिने सासरी आणली होती, आणि परक्या पुरुषापुढे फोटोला बसायला संकोचणाऱ्या, थेट रेवदंड्यापर्यंतच्या बायका तिच्यासमोर निःशंक बसत. लाल काचेच्या कंदिलाच्या मंद उजेडात ती त्यांचे चेहरे कागदावर उमटवी.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी ती त्या कोठीतून बाहेर पडता पडता दारातच कोसळली. काम चालू असताना दार बंद, झरोका बुजवलेला, त्यात कंदिलाची धग आणि रसायनांची वाफ. आत हवा उरली होतीच कुठे? ती शुद्धीवर आल्यावर हे काम आता पुरे, असं मी तिला काकुळतीने विनवलं. ती शांतपणे म्हणाली, "दोष कामाचा नाही हो, कोंडलेल्या हवेचा आहे. आधी ती कुठे अडते ते तरी पाहू."

चार दिवसांनी बळ आल्यावर तिने आत उदबत्ती लावली आणि मला शेजारी उभं केलं. धुराची बारीक रेघ लाल उजेडात डुलत वर चढली, तिच्या चेहऱ्यापाशी थबकली आणि तिथेच साचत राहिली. ज्याने तिला पाडलं होतं ते आता डोळ्यांना दिसत होतं. मी धास्तावलो, ती मात्र एखादं दुर्मीळ पाखरू न्याहाळावं तशी त्या धुराकडे एकटक पाहत होती.

मग समुद्राकडच्या भिंतीत जमिनीलगत एक भोक पडलं, समोरच्या भिंतीत आढ्याजवळ दुसरं. वारा यावा पण उजेड येऊ नये, म्हणून दोन्हींवर तिने आतून काजळी फासलेल्या वाकड्या पेट्या बसवून घेतल्या. कंदील मालवून, फोटोच्या कागदावर एक नाणं ठेवून आम्ही त्या गडद काळोखात बराच वेळ बसून राहिलो. नंतर कागद रसायनात बुडवला, तर नाण्याचा ठसा कुठेच नव्हता. कागद कोरा, शुभ्र. उजेड आत शिरला असता, तर नाण्याभोवतीचा कागद काळा पडला असता. पुन्हा उदबत्ती लावली, तेव्हा खाऱ्या वाऱ्याने धूर अलगद उचलून वरच्या भोकातून बाहेर नेला. आम्ही दोघंही हसलो.

पण दिवस कलला, वारा फिरला, जमिनीवरून समुद्राकडे वाहू लागला आणि गेलेला धूर तोंडावर परत आला. माझं मन खट्टू झालं. सुमती म्हणाली, "बरं झालं, आजच कळलं." तिने पत्र्याची नळी करवून ती वरच्या भोकापासून कौलांच्या वर नेली, नळीच्या तोंडावर पत्र्याचीच टोपी बसवली आणि कंदील नळीखाली टांगला, म्हणजे उष्ण हवा आपसूक वर चढेल. आता वारा कुठूनही येवो, धूर वरच जात होता.

पुढे एका संध्याकाळी ती आत काम करत असताना मी परसात आलो. माडांच्या शेंड्यांवर पिवळसर ऊन होतं. मी वाकून खालच्या भोकापाशी तळहात धरला. बाहेरची हवा बोटांमधून हळूच आत ओढली जात होती. इतकी हलकी, की लक्ष दिलं नसतं तर कळलीही नसती. दार बंद होतं, आतून एक शब्द ऐकू येत नव्हता. तिथे त्या क्षणी कुणाचा चेहरा उमटत होता, मला ठाऊक नव्हतं. आणि ते ठाऊक नसतानाही मी किती निश्चिंत उभा होतो, याचंच मला नवल वाटत राहिलं.