बाटलीतला कोरा चहा

मोहने गावच्या गोविंदाने दारू सोडली त्याला अकरा महिने झाले होते, आणि त्याचं श्रेय सगळं गाव ठमाबाईला देत होतं. द्यायलाच हवं होतं. नवऱ्याला दर पंधरवड्याला नौपाड्यातल्या डॉक्टरांकडे नेणं, आंबिवली स्टेशनला जाताना बारची गल्ली टाळून लांबून वळसा घेणं, घरातले काचेचे ग्लास भंगारात घालणं, सगळं तिनेच केलं. आता पुन्हा सुरू झाली तर लिव्हर साथ देणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

त्यात पुतण्याची, कमलेशची हळद आली. हळदीला पूर्वजांना मान द्यायचा तो घरातल्या थोरल्याने, दारूची धार सोडून. थोरला गोविंदाच, नाही कसं म्हणणार? ठमाबाईने शक्कल लढवली. दारूच्या रिकाम्या बाटलीत कोरा चहा भरला आणि नवऱ्याला तसं सांगूनही टाकलं. पूर्वज रागावले तर रागावोत, माणूस जगला पाहिजे! गोविंदाचाही जीव भांड्यात पडला.

मान देऊन झाला आणि गोविंदा थेट भाकऱ्या थापणाऱ्या बायकांत येऊन उभा राहिला.

"ठमा, घरा चल. झाकन फिरवला न तोंडाला पानी सुटला. आताच चल."

"अवो, चहा हाय त्यान! चहा कवा कोनाला चढला? जा, पावन्यांत बसा."

बायका खो खो हसल्या. गोविंदाही ओशाळून हसला आणि गेला. अर्ध्या तासाने ठमाबाईने पाहिलं, तर त्याची खुर्ची रिकामी होती.

अठरा दिवस तो पीत होता. एकोणिसाव्या दिवशी रक्ताची उलटी झाली, तेव्हा त्याला ठाण्याला इस्पितळात हलवलं. नौपाड्याचे डॉक्टर भेटायला आले. ठमाबाईने त्यांना चहाचं सगळं सांगितलं.

"चहा आहे हे त्यांना माहीत होतं, त्यांच्या शरीराला नाही," डॉक्टर म्हणाले. "इतक्या वर्षांची सवय. बाटली उघडली की शरीर तयारीला लागतं. असं झालं की जवळच्या माणसाला सांगायचं आणि तिथून निघायचं, एवढं एकच मी त्यांच्याकडून घोटून घेतलं होतं. त्या दिवशी तुम्हाला काही बोलले होते का?"



"नाय," ठमाबाई म्हणाली.

खाटेवर गोविंदा जागा होता. त्याने मान वळवून बायकोकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे.

"नाय सांगितला, सायब," तो म्हणाला. "माजीच चूक."