हॉकिंग हिल्सच्या धुक्यातले लाल पंख

ऑक्टोबरात हॉकिंग हिल्सला जायचं ठरलं ते वसंतकाकांसाठी. काका माझे चुलत सासरे. उमेदीची वर्षं झांबियात डॉक्टरकी करून मग ओहायोत आले. सुधाकाकू गेल्यापासून एकटे राहतात आणि हल्ली गोंधळतात. त्यांना मेमरी केअरमध्ये, म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या निवासात, ठेवायचं का, हे त्यांच्या मुलीला, नेहाला, ठरवायचं होतं. त्याआधी त्यांना एकदा जंगलात नेऊ या, म्हणून आम्ही तिघं निघालो.

ओहायोतल्याच आमच्या डब्लिनहून दीडेक तासाचा ड्राइव्ह. पार्कला तिकीट नाही, पार्किंगही फुकट. मात्र आत फोनला रेंज मिळत नाही, तेव्हा मॅप आधीच डाउनलोड करा आणि खायचं बरोबर न्या. आमच्याकडे दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती.

पहिल्याच सकाळी, मुक्कामाला घेतलेल्या केबिनच्या पायरीवर काका म्हणाले, तुराको ओरडतोय. झांबियात दवाखान्यामागच्या झाडीत असायचा. जांभळट काळं अंग, पिवळी चोच, डोक्यावर लाल तुरा, आणि उडाला की पंख रक्तासारखे लाल. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. आत आल्यावर नेहा हळूच म्हणाली, "वहिनी, आय थिंक दॅट्स माय आन्सर."

ती केबिनवरच थांबली. मी काकांना घेऊन दरीत उतरले. धुकं इतकं की हेमलॉकचे नुसते बुंधे दिसत होते, शेंडे नाहीतच. वाटेवर चिटपाखरू नव्हतं. आणि मग मलाही ऐकू आलं. कुणी घशात पाणी धरून गुळण्या कराव्यात तसा आवाज, अगदी डोक्यावर. काकांनी माझं मनगट धरलं. फांदीवरून काहीतरी खारीसारखं पळत गेलं, थांबलं, आणि पंख उघडले. लालभडक. धुक्यात शिरलं आणि नाहीसं झालं. फोटोचं सुचलंच नाही.

"बघितलंस?" काकांनी विचारलं.

मी हो म्हणाले. ते माझ्या पलीकडे, रिकाम्या वाटेकडे वळले. "सुधा, तू पण बघितलंस ना?" उत्तर मिळाल्यासारखी त्यांनी मान हलवली.

परतताना गॅस स्टेशनवरच्या बाईंकडून कळलं, जवळच कुणीतरी असे पक्षी पाळतं. वादळात पिंजरा मोडला आणि एक सुटला. थंडीत टिकणार नाही, म्हणाल्या. तिथे रेंज आली तसा मी फोनवर फोटो शोधला. रॉसचा तुराको. काकांनी सांगितलेली खूण न् खूण जुळली.

काका मागच्या सीटवर झोपले होते. मी नेहाला दोन्ही गोष्टी सांगितल्या, पक्षी दिसल्याची आणि काका काकूंशी बोलल्याची. घरी पोचल्यावर तिने मेमरी केअरची अपॉइंटमेंट कॅन्सल केली नाही, पुढे ढकलली.

पक्षी खरा होता, काकू तिथे नव्हत्या. काका दोघांशीही सारख्याच खात्रीने वागले. आणि त्यांनी मान हलवली तेव्हा मीही वळून पाहिलं होतं, एवढं मात्र मी नेहाला सांगितलेलं नाही.