पट्टा आणि पेंढी

मिस्त्री काँक्रीट फोडायचा ब्रेकर घेऊन शिडीवर चढला होता. मी म्हणाले, "खाली उतरा. आधी मला भिंत बघू द्या."

"बघायचं काय त्यात, मॅडम?" घरमालक मल्लिनाथअण्णा म्हणाले. "एआयला इचारलंय म्या."

सास्तूरमधलं हे घर त्र्याण्णवच्या भूकंपानंतर बांधलेलं. पुढच्या खोलीत अण्णांना बियाण्यांचं दुकान काढायचं होतं. ड्रॉइंगसाठी त्यांनी मला धाराशिवहून बोलावलं होतं. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. म्हणजे घर सुंदर दिसतं का, हे मी बघत नाही. उभं राहील का, एवढंच बघते.

शटरसाठी दार रुंद करणं जमत होतं, नीट आधार देऊन. पण अण्णांना उंचीही हवी होती, आणि आड येत होता पट्टा. पट्टा म्हणजे दारं-खिडक्यांच्या वर, चारही भिंतींवरून सलग फिरणारी सळईची काँक्रीट पट्टी. जमीन हलली की भिंती एकमेकींपासून सुटू पाहतात. पट्टा त्यांना धरून ठेवतो.

अण्णांनी फोन पुढं केला. त्यांचा प्रश्न होता, 'पट्टा थोडा कापून शटर उंच केलं तर दुकान भारी दिसेल ना?' उत्तर सुरू होत होतं, 'अतिशय दूरदर्शी कल्पना! तुमची व्यावसायिक दृष्टी कौतुकास्पद आहे.' पुढं बोर्डाचा रंगही सुचवला होता. अगदी तळाशी, तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा, असं होतं. तो तज्ज्ञ म्हणजे मी. माझ्या वाट्याला एक ओळ आली होती.

"लई हुशार हाय," अण्णा म्हणाले. "आन् एकाच जागी तर कापायचंय."

"फोन काहीही म्हणू दे, अण्णा. पट्टा कापायचा नाही. मी शिडीपाशीच उभी आहे."

शेजारी कडब्याची गंज होती. मी एक पेंढी मागून आणली आणि मिस्त्रीच्या चाकूनं तिचा बंध कापला. एकाच जागी. पेंढी अंगणभर पसरली.

अण्णा तिच्याकडं बघत राहिले, मग फोनकडं. "पण ह्यो तर..."

"द्या इकडं." त्यांच्याच फोनवर मी लिहिलं, 'पट्टा तसाच ठेवून शटर बुटकं बसवणं शहाणपणाचं ना?'

'अत्यंत सुज्ञ निर्णय! तुमची समज कौतुकास्पद आहे.'

मी ते मोठ्यानं वाचलं. दारात उभ्या असलेल्या महानंदाताई, अण्णांच्या पत्नी, हसल्या. "ह्यांना हेच पायजे व्हतं. सकाळधरनं मी न्हाय म्हणतेय, तर म्हणले, तुला काय कळतंय? मामंजी घागरीनं पाणी मारायचे ह्या पट्ट्यावर, पक्का व्हावा म्हणून. आन् आपली लेकरं ह्याच भिंतीच्या आत निजत्यात."

वडिलांचं नाव निघाल्यावर अण्णांनी फोन खिशात ठेवला.

"मॅडम, बुटकं म्हंजी किती बुटकं?"

"माझं डोकं आपटणार नाही. तुमचं आपटेल."

मिस्त्रीनं ब्रेकरची वायर गुंडाळली.

दुकान आता चालू आहे. उंच गिऱ्हाईक वाकून आत येतं आणि अण्णा ते नमस्कारात धरतात. पट्टा अखंड आहे. मला मात्र अजून कुणी दूरदर्शी म्हटलेलं नाही. माझ्या कामात हे बरं लक्षण असतं. जो नकार द्यायला येतो, त्याचं कौतुक सहसा होत नाही.